पाचरीला ठेवलेली फट

सायमनमामा, परवा दुपारी मी तुमच्या फोर्कलिफ्टखाली उताणी पडले होते. हातात सहा इंची पट्टी होती, कपाळावर ग्रीस ठिबकत होते, आणि दौंडच्या साठा-आवारातली माणसे हातातले काम टाकून बाहेर आलेल्या माझ्या पावलांकडे बघत उभी होती. तुम्हाला शिरूरच्या मातीत ठेवून तेव्हा आठ दिवस झाले होते. इतरांनी तुमच्यासाठी फुले आणली, प्रार्थना म्हटल्या. मी मोजमाप घ्यायला गेले. मला दुसरे फारसे काही येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

स्वस्थ बसणे तर मुळीच जमत नाही. हे लिहितानाही तीनदा उठले. तुमच्याशी एक वाद अर्धा राहिला आहे. तो मी जिंकला, असे मी वर्षभर समजत होते. आज त्याच वादावर, मी कधी न पाहिलेल्या तीन चालकांचे जीव टांगलेले आहेत. आणि ज्याला विचारायचे तो माणूस उठून निघून गेला आहे. तुम्हाला असे मधेच उठून जायची सवय नव्हती.

मी पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन या आवारात सिमेंट आणि खडी तपासायला आले, तेव्हा तुम्ही मला पहिल्यांदा जे बोललात ते मी अजून विसरलेले नाही. मी चाळणीतून खडी चाळत होते. तुम्ही यंत्र थांबवलेत, वाकून पाहिलेत आणि अत्यंत गंभीरपणे विचारलेत, "बाई, खडी चाळाया कालेजात जावं लागतं व्हय?"

"हो," मी म्हणाले, "चार वर्षं."

"मंग बरं झालं. आमी आपली नुसती उचलतो." आणि निघून गेलात. मागे गंगारामआप्पा हसत होते. आप्पा तुमच्या यंत्रापुढे चालत हाताने खुणा करणारे. सुळ्यांवर माल चढला की तुम्हाला समोरचे दिसत नसे, म्हणून आप्पांचा हात हेच तुमचे डोळे.

ते यंत्र लढाईनंतर मोडीत निघालेले, कंपनीने कुठूनसे विकत घेतलेले. पुढे माणसाच्या छातीएवढी दोन चाके, मागे दोन लहान. पुढची चाके ओढायची, मागची वळायची. पुढे उभ्या चौकटीवर वरखाली होणारे दोन लोखंडी सुळे. त्यावरून साऱ्या आवाराने त्याला 'सुळ्या' हे नाव दिलेले. रेल्वेच्या वाघिणीतून उतरलेले सिमेंट आणि नळ काळ्या, भेगाळलेल्या जमिनीवरून शेडपर्यंत न्यायचे, हे त्याचे काम. बाहेरून आलेला कोणीही चालक त्याला मोटारीसारखे वळवायला जाई आणि मागचा भाग फेकला जाऊन नळांच्या थप्पीवर आपटे. तुम्ही मात्र नळ आणि शेड यांच्यामधल्या बोळात, जिथे बैलगाडी वळवायला दोन माणसे लागत, तिथे त्याला एका दमात फिरवत असा. मी एकदा वळणाची त्रिज्या काढायला खडूने जमिनीवर खुणा केल्या होत्या. तुम्ही म्हणालात, "तोंडाकडं सगळेच बघत्यात बाई. ह्याच्या शेपटाकडं ध्यान पायजे." मी ते वाक्य वहीत लिहिले नाही. त्रिज्या लिहिली.

तुमच्या बैठकीसमोर छताच्या गजाला एक ओळंबा टांगलेला असे. तुमचे वडील गवंडी, मिशनच्या शाळेच्या भिंती त्यांनी याच ओळंब्याने उभ्या केल्या, हे तुम्ही सांगितले होते. जमीन कलती असली की दोरी एका बाजूला जाई. ओळंब्यामागच्या फळीवर तुम्ही खडूची एक रेघ ओढली होती आणि दोरी त्या रेघेला टेकली की तुम्ही माल वर उचलत नसा. मला ते फार अशास्त्रीय वाटले. एका दुपारी मी कोनमापक घेऊन त्या फळीवर लाल रंगाने अंश रंगवून दिले. तुम्ही मनापासून आभार मानलेत. दुसऱ्या दिवशी माझ्या लाल अंशांवरून तुमची पांढरी रेघ पुन्हा ओढलेली होती.

"अंश वाचता येतात तुम्हाला," मी रागाने म्हणाले.

"येत्यात की. पण रेघ लवकर दिसती."

हे सगळे मी आठवते आहे, कारण मुख्य गोष्ट सांगायला धीर होत नाही. तर ती सांगते.

त्या हिवाळ्यात रुळांच्या फाट्याजवळ सुळ्या डावीकडे झुकला आणि वर उचललेली सिमेंटची पोती घसरून खाली आली. कोणाला लागले नाही. पण आवाराचे साहेब सगळ्यांदेखत तुम्हाला बोलले. पुण्याहून परवानाधारक, शिकलेला चालक आणतो म्हणाले. तुम्ही मान खाली घालून पोती गोळा करत होतात. तुम्हाला तसे पाहून मला जे झाले त्यात तुमच्याविषयीची माया किती आणि स्वतःला सिद्ध करण्याची घाई किती, हे आज मला वेगळे काढता येत नाही. तेव्हा मी ते काढायचा प्रयत्नही केला नाही. सरळ तुमच्या यंत्राचे चित्र काढायला बसले.

दोष चालकाचा नाही, ॲक्सलचा आहे, हे मला सापडले. सुळ्याचा मागचा ॲक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, मधोमध एकाच पिनीवर टांगलेला होता. खड्डा आला की एक चाक खाली, दुसरे वर, असा तो डोलायचा. म्हणजे यंत्राचे धड खरे तर तीनच बिंदूंवर उभे होते: पुढची दोन चाके आणि मागची ती पिन. तीन बिंदूंचा त्रिकोण अरुंद. माल उंच गेला, जमीन कलली, की भार त्रिकोणाबाहेर पडतो आणि यंत्र कलंडते. उपाय सोपा: ॲक्सल आणि धड यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना सागवानी पाचरी ठोकायच्या. डोलणे बंद. तिनाचे चार पाय. त्रिकोणाचा चौकोन, आणि चौकोन रुंद.

मी तुम्हाला ते चित्र दाखवले. तुम्ही बराच वेळ पाहिलेत. मग बोलण्याआधीचे तुमचे ते प्रसिद्ध खाकरणे.

"बाई, तीन पायांची तिवई खडकावर ठेवा, डुगडुगत न्हाई. चार पायांचा चौरंग ठेवा बरं."

"चौरंग डुगडुगेल, पण कलंडणार नाही."

"एक पाय हवेत राहील त्याचा."

"राहू दे. तीन टेकलेले आहेत ना?"

"आन् हवेतला पाय वळायचा आसंल तर?"

मी चित्र गुंडाळायला घेतले. मला तो प्रश्नच गणितातला वाटला नाही. शिवाय टिपण तयार होते, पुण्याच्या मुख्य कचेरीची गाडी दीड तासाने होती, आणि त्या टिपणात पहिलेच वाक्य होते की चालकाकडे दोष जात नाही. तुमची नोकरी त्या कागदावर उभी होती. म्हणजे तुम्ही माझ्याशी वाद तरी किती घालणार होतात? हे मला आता समजते. तुमचा बचाव करताना मी तुमचे तोंडच बंद केले होते.

सुताराने पाचरी ठोकल्या त्या शनिवारी मी पुण्यात होते. सोमवारी परत आले, तर सुळ्या झोकात चालला होता. महिना गेला, उन्हाळा गेला, पाऊस होऊन जमीन चिखलाची झाली आणि पुन्हा वाळून भेगाळली. एकही पोते पडले नाही. मी दर आठवड्याला नोंद करत होते. वर्ष भरत आले तेव्हा सविस्तर अहवाल पाठवला, रेखाचित्रासह: पाचर घट्ट, फट शून्य. त्या अहवालावर मला मुख्य कचेरीच्या आरेखन विभागात जागा मिळाली. माझ्याआधी तिथे एकही बाई बसली नव्हती.

निघायच्या दिवशी मी तुमच्याकडे आले होते. तुम्ही ओळंब्याची गाठ बदलत होतात.

"आता तरी पटलं ना मामा?"

"यंत्र बेस चालतंय, बाई."

"म्हणजे शेवटी कागदच खरा ठरला."

तुम्ही हसलात. म्हणालात, "पुण्याला गेल्यावर चपला चांगल्या घ्या. ह्या खडीनं पार खाल्ल्या." मी ते संभाषण किती वेळा उलटसुलट तपासले असेल. तुम्ही एकही खोटा शब्द बोलला नव्हता. यंत्र खरोखरच बेस चालत होते.

आता मार्थामामींकडची गोष्ट.

तुम्ही गेल्याची बातमी मला पुण्यात उशिरा कळली. मी शिरूरला मिशनच्या आवारात पोहोचले तेव्हा तुम्हाला माती देऊन सात दिवस झाले होते. मामींनी मला रडू दिले नाही. आधी पाटावर बसवले, स्टोव्ह पेटेना म्हणून चूल पेटवली. फुंकता फुंकता त्या सहज बोलल्या, "ओली लाकडं हायती मेली. तुझ्या त्या सागाच्या ढलप्या काय झकास जळल्या होत्या. दोन दीस च्या केला म्या त्यावर."

"माझ्या कसल्या ढलप्या, मामी?"

"आगं, त्या न्हाई का तुझ्या पाचरी. शनवारी पिशवीत घालून आणल्या यष्टीनं. रविवारी मिशनच्या देवळातून आलं ते कोट काढायच्या आधी रंधा घिऊन बसलं. म्या म्हनलं, आज तरी इसावा घ्या. तर म्हनलं, उद्या सकाळी बसवायच्या हायती."

मी चहा प्यायले की नाही, आठवत नाही.

रविवारी तुम्ही खिळासुद्धा ठोकत नसा, मामा. सगळ्या आवाराला ठाऊक होते. एकदा साहेबांनी वाघिणी अडकल्या म्हणून निरोप पाठवला, तर तुम्ही प्रार्थनेनंतर येऊन त्यांच्याजवळ नुसते उभे राहिलात आणि सोमवारी पहाटे काम सुरू केलेत. तो रविवार तुम्ही माझ्या चुकीवर रंधा मारण्यात घालवलात.

दुसऱ्या दिवशी मी दौंडला आले आणि सुळ्याखाली शिरले. चिखलाचे थर खरवडले. पाचरी जागच्या जागी होत्या, बोल्टाने आवळलेल्या. वरून पाहणाऱ्याला माझ्या रेखाचित्रासारख्याच. पण ॲक्सल आणि लाकूड यांच्यामध्ये फट होती. उजवीकडे अर्धा इंच. डावीकडे पाऊण.

तिथे पडल्या पडल्या मला ते उलगडत गेले, आणि इतका आनंद झाला की त्याची लाज वाटली. तुम्ही पाचरी काढून टाकल्या नव्हत्या. तुम्ही त्यांना पातळ केले होते. लहानसहान खड्ड्यात ॲक्सल फटीपुरता डोलत होता, चारही चाके जमिनीवर, मागची वळायला मोकळी: तुमची तिवई. आणि यंत्र धोक्याइतके झुकू लागले की ॲक्सल लाकडाला टेकत होता आणि पाया रुंद होत होता: माझा चौकोन. आपण दोघे भांडत होतो ती दोन्ही उत्तरे तुम्ही एका फटीत बसवली होती. वर्षभर एकही पोते पडले नाही ते त्यामुळे. माझ्या अहवालातली एकूण एक नोंद खरी होती आणि रेखाचित्र खोटे.

तेच रेखाचित्र, मामा, आता घाटातल्या कामावर गेले आहे. तिथे अशीच तीन यंत्रे आहेत. मी स्वतः त्यावर सही केली आहे. घट्ट पाचरी ठोकलेले यंत्र घाटातल्या वळणावर, मागचे एक चाक हवेत, आणि चालक सुकाणू फिरवतो आहे, पण यंत्र वळत नाही. हवेतला पाय वळायचा असेल तर? तुम्ही मला तोंडावर विचारले होते.

मी बाहेर आले. गंगारामआप्पांना विचारले, "तुम्हाला माहीत होतं?"

आप्पांनी तंबाखू मळणे थांबवले नाही. "व्हय."

"पहिल्या दिवशी काय झालं होतं?"

"त्या शनवारी? फाट्यावर मागलं चाक उचललं. सुळ्या सरळ माझ्याच अंगावर. मामानं सुळं खाली आपटून थांबवला. वीतभर ऱ्हायला असंल." त्यांनी वीत दाखवली. "मंग खाली उतरून मलाच म्हनला, आप्पा, लई दिसांनी पळालास."

"मला का नाही सांगितलंत?"

"म्या म्हनलं व्हतं. मामा म्हनला, तिचा कागूद वर गेलाय. त्यो खाली आला तर घरची मानसं तिला गावी वरवंडला नेऊन बसवतील, आन् फुडल्या साली पाळणा हलवत बसंल. यंत्र आपून बघू. तिला जाऊ द्या."

हे ऐकून मला तुमचा राग आला. अजून आहे. तुम्ही गेलात म्हणून तो लपवणार नाही. आपल्यात तसली रीत नव्हती. माझे काय होईल हे माझ्यावतीने तुम्ही कसे ठरवलेत? मला चूक सोसणार नाही, असे तुम्हाला कशावरून वाटले? मी ती खडीसारखी चाळली असती, पुन्हा मांडली असती, तुमच्या रंध्यासकट. कदाचित त्या कागदावर आपल्या दोघांची नावे असती. तुम्ही मला वाचवलेत आणि शिकण्याची माझी पाळी हिरावून घेतलीत. पण हे लिहिताना लेखणी अडते. कारण मी जेव्हा म्हणाले की कागदच खरा ठरला, तेव्हा तुम्हाला बोलायला जागा ठेवली होती का? एक इंचाचीही नाही. घट्ट. फट शून्य.

मी स्टेशनाजवळच्या तारघरात गेले आणि घाटातल्या साहेबांना तार लिहिली: 'पाचरी बसवू नका. रेखाचित्रात माझी चूक. सुधारित पाठवते.' तारबाबू भले गृहस्थ, वाचून म्हणाले, "बाई, 'बसवू नका' एवढं पुरे की. 'माझी चूक' कशाला? तार फायलीला लागते." मी म्हणाले, लागू द्या.

संध्याकाळी उत्तर आले. काम थांबवले आहे. मुख्य कचेरीला कळवले आहे. या दुसऱ्या वाक्याचा अर्थ मला समजतो. मला सोमवारी मोठ्या साहेबांपुढे उभे राहायचे आहे, आणि नव्या जागेवरचा माझा दुसरा महिनाही अजून भरलेला नाही.

सुधारित रेखाचित्र काढायला बसले, तर पुन्हा अडले. उजवीकडे अर्धा इंच, डावीकडे पाऊण; हा फरक का? गणितात दोन्ही बाजू सारख्या यायला हव्यात. आप्पांना विचारले. "त्ये मामाला ठाव." मामींना विचारायला पुन्हा शिरूरला जाऊन आले. त्यांना ढलप्या तेवढ्या आठवत होत्या. रंधा हातून निसटला असेल? तुमच्या हातून?

शेवटी आज सकाळी मी सुळ्यावर बसले. तुम्ही मला किती वेळा म्हणाला होतात, "एक डाव बसून तर बघा, बाई." आणि मी म्हणे, मला हिशेब येतो, चालवायची गरज नाही. आज आप्पा पुढे उभे राहिले. जरा जास्तच लांब. सुळ्यांवर रिकामी फळी. बोळातून वळताना शेपूट नळांच्या थप्पीवर घासले आणि आवारातून एकच हशा उठला. "बाई, शेपूट, शेपूट!" मी ओळंब्याकडे बघत रुळांच्या फाट्यापर्यंत गेले. वाघिणीकडून येताना तिथे नेहमी उजवीकडेच वळावे लागते, दुसरी वाट नाही. वळताना मागचा भाग डावीकडे फेकला जातो आणि डावे मागचे चाक रुळांखालच्या शेवटच्या लाकडी स्लीपरवर चढते. ते चढले. मला बैठकीतून जाणवले: चाक वर गेले, ॲक्सल फटीत डोलला, आणि धड जागचे हलले नाही. दोरी तुमच्या रेघेपासून बोटभर अलीकडेच थांबली.

पाऊण इंच म्हणजे तो एक स्लीपर होता, मामा. दुसऱ्या कुठल्याही आवारात त्या मापाला काही अर्थ नाही. घाटात दरड कुठल्या बाजूला आहे, वळण कुठले आहे, हे तिथल्या चालकालाच ठाऊक.

म्हणून नव्या रेखाचित्रात मी एकच आकडा घातला आहे: याहून जास्त फट ठेवू नये. तेवढा माझा त्रिकोण आणि चौकोन मला खात्रीने सांगतात. त्याच्या आत किती, डावीकडे किती, उजवीकडे किती, त्या जागा मी मोकळ्या सोडल्या आहेत. खाली लिहिले आहे: 'पाचर चालकाने स्वतः, यंत्र आपल्या वाटेवर चालवून पाहून, रंध्याने उतरवावी.' त्याखाली तुमचे नाव, आणि त्यानंतर माझे.

आरेखन विभागात माप न घातलेले रेखाचित्र फाडून टाकतात. साहेब विचारतील, इथला आकडा कुठे आहे? उत्तर तयार आहे. ते त्यांना पटले नाही तर मी वरवंडला जाईन. पाळणा वगैरे पुढचे पुढे. पण तुमच्यासारखी गप्प बसणार नाही. आपल्या वादातला तेवढा मुद्दा मी अजूनही सोडलेला नाही.

ओळंबा आप्पांनी काढून माझ्या हातात दिला होता. मी तो परत जागेवर टांगला. नवा चालक परवापासून येणार आहे. फळीवरचे माझे लाल अंश पुसट झाले आहेत. ते तसेच राहू दिले आणि तुमची रेघ तेवढी खडूने पुन्हा ओढली.